पोलिसांवर भरपाईचा दावा लावायचा असेल तर कसा वकील बघावा: आमचा अनुभव

आधीच सांगते, वकील मॅडमचं नाव इथे टाकत नाहीये. मी विचारलं होतं त्यांना, तर त्या म्हणाल्या ताई, वकिलांना जाहिरात करायची परवानगी नसते, बार कौन्सिलचा नियम आहे, तुम्ही अनुभव लिहा पण नाव नको. आणि आधीच्या वकिलांचं किंवा त्या पोलीस ठाण्याचंही नाव टाकणार नाही कारण दिवाणी दावा अजून चालू आहे. पण बेकायदा अटक किंवा खोटी केस झाल्यावर भरपाई मागायला गेलं तर काय सर्व्हिस मिळते, किती पैसे लागतात, कुठे फसतो हे मराठीत कोणी नीट सांगत नाही, आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर आमचं चौदा महिन्यांचं नुकसान झालं नसतं, म्हणून सगळं लिहितेय.

प्रकरण असं. माझ्या धाकट्या भावाचं भाड्याचं दुकान आहे, मोबाईल रिपेअरिंगचं. मालकाला गाळा रिकामा करून हवा होता, करार संपलेला नव्हता, भाडंही दर महिन्याला जात होतं. दिवाळी झाल्यावर एका रात्री मालकाने शटरला स्वतःचं कुलूप लावलं. भावाने सकाळी ते कापलं आणि दुकान उघडलं. संध्याकाळी, शुक्रवार १२ नोव्हेंबर २०२१, सहा वाजून दहा मिनिटांनी दोन पोलीस आले आणि साहेबांनी बोलावलंय म्हणून घेऊन गेले. घरात घुसणे आणि नुकसान करणे अशी दोन कलमं लावली, दोन्ही जामीनपात्र. जामीनपात्र म्हणजे पोलीस ठाण्यातच जामीन देऊन सोडायचं असतं, तो आरोपीचा हक्क आहे, साहेबांची मेहेरबानी नाही. पण सोडला तो रविवारी दुपारी, सुट्टीच्या कोर्टाने. आणि कागदावर अटक दाखवली शनिवारी रात्री साडेआठची. म्हणजे शुक्रवारची अख्खी रात्र आणि शनिवारचा अख्खा दिवस तो कुठे होता याचा कागदच नाही. आतमध्ये त्याला एकच गोष्ट सांगत होते, गाळा सोडतो असं लिहून दे आणि घरी जा.

आता पहिले वकील. जामीन त्यांनीच केला, तो नीट केला, त्याबद्दल तक्रार नाही. पण आम्ही विचारलं की ही अटकच चुकीची आहे, यावर काही करता येतं का, तर म्हणाले आधी केस सुटू दे मग बघू, पोलिसांशी आत्ताच कशाला वैर घेताय. आम्हाला पटलं. कोणालाही पटेल, घाबरलेल्या माणसाला थांबा म्हटलं की बरंच वाटतं. मग तारखा सुरू झाल्या आणि वर्ष कधी गेलं कळलंच नाही.

जानेवारी २०२३ मध्ये आमच्या पतसंस्थेतल्या एका सभासदाने या मॅडमचं ऑफिस सुचवलं. पहिल्या भेटीची फी एक हजार रुपये, पावती मिळाली. मी कॅशियर आहे, पावती न देणाऱ्याकडे मी दुसऱ्यांदा जात नाही. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि पहिला प्रश्न विचारला, सुटला ती तारीख कोणती? मी सांगितली, १४ नोव्हेंबर २०२१. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, ताई, चुकीच्या कैदेच्या भरपाईचा दिवाणी दावा सुटल्यापासून एका वर्षात लावायचा असतो, तो गेला.

मला तेव्हा खरंच कळेना काय बोलावं. केस तर अजून चालू आहे मग मुदत कशी संपली? तर त्यांनी समजावलं, आणि हे नीट वाचा कारण सगळे इथेच चुकतात. बेकायदा अटक ही एक गोष्ट आणि द्वेषाने खोटी केस चालवणं ही दुसरी गोष्ट, दोन्हीची घड्याळं वेगळी. अटकेचं घड्याळ माणूस कोठडीतून बाहेर आला त्या दिवशी सुरू होतं, केसचा निकाल लागो न लागो. खोट्या केसचं घड्याळ निर्दोष सुटला किंवा केस बंद झाली त्या दिवशी सुरू होतं. दोन्हीला मुदतीच्या कायद्यात एकेक वर्ष. त्यात परत महाराष्ट्र पोलीस अधिनियमात कलम १६१ आहे, त्यात पोलिसांनी ड्युटीच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल दावा सहा महिन्यांत लावा आणि त्याआधी एक महिन्याची नोटीस द्या असं आहे. बेकायदा काम ड्युटीच्या नावाखाली धरायचं का यावर कोर्टात वाद होतात, पण मॅडमचं म्हणणं की वादाला जागाच कशाला ठेवायची, सहा महिनेच धरून चाला. आणि सरकारला प्रतिवादी करायचं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी लागते, ती कलेक्टरच्या नावाने जाते. म्हणजे नोटीस लवकरात लवकर द्यायला हवी. आणि आम्ही चौदा महिने थांबलो होतो.

मग राहिला काय रस्ता? हायकोर्ट. घटनेच्या कलम २२६ खाली रिट, म्हणजे हक्क मोडल्याबद्दल थेट हायकोर्टात अर्ज. तिथे वर्षाचीच मुदत असं नाही, पण उशीर का झाला ते सांगावं लागतं. अटक झालेल्या माणसाला २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं हे घटनेच्या कलम २२ मध्येच लिहिलंय, आणि कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचा, भंग झाला तर हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट थेट सरकारला भरपाई द्यायला लावू शकतं.

भावाने साहजिकच विचारलं, किती मिळतील? मला हा त्यांचा सगळ्यात आवडलेला भाग आहे, त्यांनी आकडा फुगवला नाही. त्यांनी आधी रुदुल साह यांची केस सांगितली, बिहारचे, १९६८ ला निर्दोष सुटले आणि जेलमधून बाहेर आले १९८२ ला, चौदा वर्षं जास्त, आणि १९८३ ला सुप्रीम कोर्टाने त्यांना एकूण ३५ हजार दिले. पण त्याच निकालात हेही म्हटलं की यामुळे वेगळा दिवाणी दावा लावायचा हक्क जात नाही, आणि तिथूनच हा भरपाईचा रस्ता सुरू झाला. मग जम्मू-काश्मीरचे आमदार भीम सिंग, त्यांना विधानसभेत जाऊ न देण्यासाठी धरून ठेवलं होतं, १९८५ ला ५० हजार. आणि दुसऱ्या टोकाला इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन, १९९४ ला हेरगिरीच्या खोट्या केसमध्ये अटक, २०१८ ला सुप्रीम कोर्टाकडून ५० लाख. चोवीस वर्षं लागली त्या माणसाला. मॅडम म्हणाल्या तुमची केस यातल्या कुठल्याच टोकाची नाही, लाखाच्या आसपास धरा, आणि पैसा हेच कारण असेल तर नका लढू कारण खर्च आणि खेटे त्याहून जास्त होतील. भाऊ म्हणाला मला अटक बेकायदा होती असं कोर्टाच्या कागदावर लिहून हवंय. मग त्यांनी वकीलपत्र पुढे केलं.

त्यानंतरचे पंधरा मिनिटं मी विसरणार नाही. त्यांनी विचारलं, शुक्रवारी तो ठाण्यात होता हे कशावरून? आम्ही म्हटलं आम्ही सगळे सांगतो ना. त्या म्हणाल्या घरच्यांचं सांगणं पुरत नाही, दुसरं काय आहे? तेव्हा मला आठवलं की समोरच्या मेडिकलवाल्यांच्या कॅमेऱ्यात ते दोन पोलीस दिसतात, भावाच्या मित्राने त्याच आठवड्यात ते पेन ड्राईव्हवर घेतलं होतं आणि तो पेन ड्राईव्ह आईच्या कपाटात, दागिन्यांच्या डबीत पडून होता. पहिल्या वकिलांनी चौदा महिन्यांत विचारलंच नव्हतं. आणि मग डब्याचा फोटो. शुक्रवारी रात्री आईने भावासाठी डबा दिला होता, पोळी भाजी आणि वर दिवाळीच्या उरलेल्या चकल्या. मी तो घेऊन गेले, दारावरच्या हवालदाराने आत घेतला, त्याआधी मी वहिनीला धीर यावा म्हणून डब्याचा फोटो काढून पाठवला होता, बघ पोचले. मॅडमनी तो फोटो मोठा करून बघितला. स्टीलचा डबा, झाकणावर आईचं नाव कोरलेलं, मागे पोलीस ठाण्याच्या पाटीची अर्धी अक्षरं, आणि वेळ रात्री नऊ चौदा, शुक्रवार. अटक दाखवली शनिवारी साडेआठला. मॅडम म्हणाल्या हा फोटो डिलीट केला नाहीत हे फार बरं झालं. आईला घरी येऊन सांगितलं तर ती तो डबा घासायचा सोडून हातात घेऊन बसली होती.

ठाण्याचं स्वतःचं फुटेजही त्यांनी माहितीच्या अधिकारात मागितलं. २०२० ला सुप्रीम कोर्टाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितलेत आणि रेकॉर्डिंग १८ महिने, निदान एक वर्ष तरी ठेवायचं असं म्हटलंय. आमचा अर्ज गेला चौदा महिन्यांनी, उत्तर आलं उपलब्ध नाही. पहिल्या महिन्यात अर्ज केला असता तर नाही म्हणायला त्यांना एवढी सोपी जागा मिळाली नसती. कोणाच्याही घरात असं झालं तर दुसऱ्याच दिवशी अर्ज टाका, साधा कागद आणि दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो, त्यात तारीख आणि वेळ लिहून फुटेज आणि स्टेशन डायरीची नोंद मागा.

रिटचं काम चांगलं झालं. पिटिशन इंग्रजीत असते, पण दाखल करायच्या आधी मॅडमनी आम्हाला समोर बसवून दोन तास मराठीत पानन् पान वाचून दाखवलं आणि भावाला प्रत्येक परिच्छेदाला विचारलं, असंच झालं ना, की मी वाढवून लिहिलंय? एका ठिकाणी ज्युनिअरने मारहाण केली असं टाकलं होतं. भाऊ म्हणाला मारलं नाही, फक्त शिव्या दिल्या आणि बेल्ट काढून जमिनीवर बसवलं. लगेच काढलं ते. त्या म्हणाल्या एक वाक्य खोटं निघालं की बाकीच्या खऱ्या वाक्यांनाही किंमत राहत नाही. मेडिकलवाल्या काकांकडून फुटेजचं तेव्हाच्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब चं सर्टिफिकेट लागत होतं, म्हणजे हे फुटेज त्यांच्याच कॅमेऱ्यातलं आहे असा सही केलेला दाखला, ते आधी घाबरत होते, रोज त्याच चौकात धंदा करायचा असतो माणसाला, तर मॅडम स्वतः दुकानात जाऊन त्यांच्याशी बोलल्या आणि काकांनी सही केली. या काकांचे उपकार आमच्यावर कायम राहतील.

तेव्हा आमच्या भागाला मुंबईशिवाय पर्याय नव्हता. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघायचं, सकाळी सीएसएमटीला उतरून तिथेच तोंड धुवायचं आणि फोर्टात हायकोर्टापर्यंत चालत जायचं, आणि कितीतरी वेळा आमचा नंबरच लागायचा नाही की परत रात्रीची गाडी. आता १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, कोल्हापूर सांगली सातारा सोलापूर रत्नागिरी सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या लोकांचा हा त्रास तरी वाचला.

पोलिसांनी शपथपत्रात म्हटलं की तो शुक्रवारी आलाच नव्हता, शनिवारी स्वतःहून चौकशीला आला. मग फुटेज आणि डब्याचा फोटो पुढे आले. मॅडमनी सुप्रीम कोर्टाचा अर्नेश कुमार केसमधला २०१४ चा निकाल दाखवला, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, आधी हजर राहायची नोटीस द्यायची. तेव्हा ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४१-अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा नवीन कायदा आला त्यात ते कलम ३५ मध्ये आहे, आणि २४ तासांचा नियम कलम ५८ मध्ये. आमचं प्रकरण चालू असतानाच ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाचा अजून एक निकाल आला, मुंबईतल्या एका संगीत शिक्षकाला जामीनपात्र गुन्ह्यात लॉकअपमध्ये ठेवलं होतं, कपडे काढायला लावले होते, त्यांना २ लाखांची भरपाई दिली. मॅडमनी तो निकाल आल्या आल्या आम्हाला फोन करून सांगितला, आवाजात आनंद कळत होता. डिसेंबर २०२३ मध्ये आमचा निकाल लागला. अटक बेकायदा, एक लाख रुपये सरकारने द्यावेत आणि हवं तर अधिकाऱ्याकडून वसूल करावेत. भावाने त्या पानाची कलर झेरॉक्स काढून दुकानात काउंटरच्या काचेखाली ठेवलीय. पैसे हातात यायला मात्र सात महिने लागले, तीन स्मरणपत्रं ऑफिसनेच पाठवली, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये खालच्या कोर्टात भाऊ निर्दोष सुटला आणि दुसरं घड्याळ सुरू झालं. यावेळी मॅडमनी त्याच आठवड्यात निकालाच्या नकलेचा अर्ज टाकला. निकाल हातात आल्यावर त्यांनी बघितलं की संशयाचा फायदा देऊन सोडलंय की तक्रारच खोटी म्हटलंय. कारण खोट्या केसचा दावा जिंकायला नुसतं सुटणं पुरत नाही, केस चालवायला वाजवी कारण नव्हतं आणि मनात आकस होता ही दोन्ही सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर, आणि नुकसान काय झालं तेही दाखवायचं. आमच्या निकालात कोर्टाने म्हटलंय की भाड्याच्या पावत्या तपासात पोलिसांना दिल्या होत्या तरी त्या चार्जशीटला जोडल्या नाहीत. हे वाक्य आमच्यासाठी सोन्याचं आहे. मार्चमध्ये नोटीस गेली, जूनमध्ये दावा दाखल, सहा महिन्यांच्या आत. सरकार, तो अधिकारी आणि गाळ्याचा मालक असे तिघे प्रतिवादी. भाऊ पंचवीस लाख मागायचं म्हणत होता, मॅडमनी पाच लाखांवर आणलं कारण कोर्ट फी मागितलेल्या रकमेवर लागते, आणि बंद दुकानाचं नुकसान, वकिलांची फी, प्रवास याचे जेवढे कागद आहेत तेवढंच टिकतं.

सरकारच्या कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, अजूनही तोच जुना मुद्दा आला की हे राज्याचं सार्वभौम काम आहे, त्यासाठी सरकार जबाबदार नाही. हा मुद्दा १९६५ च्या कस्तुरीलाल केसमधला आहे. १९४७ ला मेरठच्या पोलिसांनी एका सराफाचं शंभर तोळ्यांवर सोनं जप्त केलं, ठाण्यातला हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला, आणि सुप्रीम कोर्टाने म्हटलं सरकारने भरायची गरज नाही. मी पतसंस्थेत सोनेतारणाचं काम बघते, आमच्याकडे एक ग्रॅम कमी भरला तरी आम्ही खिशातून भरून देतो, त्यामुळे ही केस ऐकून मला झोप लागली नाही. मूलभूत हक्काच्या रिटमध्ये हा बचाव चालत नाही असं सुप्रीम कोर्टाने १९९३ च्या निलाबती बेहराच्या निकालात स्पष्ट केलंय, पण साध्या दिवाणी दाव्यात सरकारी वकील अजून तो काढतात, म्हणून तुमच्या वकिलांना याचं उत्तर येतं का हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

आता खटकलेल्या गोष्टी. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आमच्या बाबांना गुडघ्यांमुळे एकदाही वर जाता आलं नाही. संध्याकाळी सातनंतर फोन उचलत नाहीत आणि सकाळी कोर्टात असतात, म्हणजे बोलायला दुपारचा एक तास मिळतो, नोकरीवाल्याला तो जमत नाही. पावणेतीन वर्षांत तीन ज्युनिअर बदलले, प्रत्येकाला पहिल्यापासून गोष्ट सांगावी लागली आणि भावाला ते परत परत सांगताना त्रास होतो, हे मी मॅडमना तोंडावर सांगितलंय. क्लार्कने एकच आधार कार्ड पाच वेळा झेरॉक्स करून मागितलं. आणि तारखेचा मेसेज कधी कधी आदल्या रात्री येतो, त्यापेक्षा ई-कोर्ट्स ॲपवर केस नंबर टाकून स्वतः बघत जा.

पैशांचं सांगते. रिटचे साठ हजार, तीन हप्त्यांत, प्रवास आमचा. दिवाणी दाव्याचे चाळीस हजार ठरलेत, अर्धे दिलेत, कोर्ट फी वेगळी. जिंकल्यावर टक्केवारी वगैरे त्यांनी मागितली नाही, तशी मागणी वकिलांना करताच येत नाही, कोणी मागत असेल तर तिथून उठा. एवढी फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना, अनुसूचित जाती जमातीच्या लोकांना आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो, १५१०० वर फोन केला तरी माहिती देतात. मानवी हक्क आयोगाकडे तक्रारही करता येते, तिथे कोर्ट फी नाही, पण घटनेपासून एक वर्षाच्या आतच. मॅजिस्ट्रेटकडे विनाकारण अटक करवणाऱ्याकडून भरपाई मागायचं एक कलम आहे, त्याची मर्यादा एक हजार रुपये, नवीन कायद्यातही तेवढीच ठेवलीय. दोन रात्री लॉकअपच्या फरशीवर काढलेल्या माणसाला हजार रुपये. मला याचा फार राग येतो.

पाचपैकी चार स्टार देते. एक स्टार कापला तो ज्युनिअर आणि फोनसाठी. पहिल्या भेटीला जाताना अटकेचा कागद, जामिनाचा हुकूम, वैद्यकीय तपासणीचा कागद, कोर्टाचा रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद) आणि त्या दिवसाचे घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो, मेसेज, कॉलची यादी घेऊन जा, काही डिलीट करू नका. आमच्या दाव्यात मुद्दे निघालेत, म्हणजे कोर्टाने वाद कशावर आहे ते ठरवलंय, भावाचा सरतपास, म्हणजे त्याची स्वतःची साक्ष, झालाय, पुढच्या महिन्यात उलटतपास आहे. डबा आईने वेगळा काढून ठेवलाय, कोर्टाने मागितला तर न्यायचा म्हणून.